बायोमेडिकल सायन्सेसमधून मेडिकल-डेंटल : परदेशी ‘पाथवे’चं परीक्षण

आधी निष्कर्ष सांगतो, कारणं पुढे येतीलच. परदेशातली बायोमेडिकल सायन्सेसची तीन वर्षांची पदवी विज्ञानाची पदवी म्हणून चांगली आहे, काही विद्यापीठांत तर उत्तम आहे. ती करून त्याच देशात डॉक्टर किंवा दंतवैद्य होण्याचा रस्ता अरुंद, लांब आणि महाग आहे, पण खरा आहे. मात्र ती करून परत यायचं आणि ठाणे-डोंबिवलीत दवाखाना थाटायचा असा बेत असेल, तर आजच्या नियमांत या वाटेला जाऊ नये. मुंबईतल्या शैक्षणिक मेळाव्यांत या तिन्ही गोष्टी एकाच माहितीपत्रकात बसवून विकल्या जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मेळाव्यातला समुपदेशक पालकांकडून सहसा पैसे घेत नाही. त्याला कमिशन विद्यापीठ देतं, आणि तेही मूल बायोमेडिकलच्या वर्गात बसल्यावर. तीन वर्षांनी ते वैद्यकीय शाखेत पोचलं की नाही, याच्याशी त्याच्या कमाईचा संबंध नसतो. त्याची माहिती खोटी असेलच असं नाही, पण ती पहिल्या वर्षाच्या फीपर्यंतच काळजीपूर्वक तपासलेली असते. त्यापुढचं तपासणं आपलं काम.

‘पाथवे’ हा शब्द एक असला तरी त्याखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. आपण कुठली घेतोय हे आधी ठरवा.

पहिली म्हणजे पहिल्या वर्षाची चाळणी. याचं स्वच्छ उदाहरण न्यूझीलंड. ओटागो विद्यापीठात वैद्यक, दंतवैद्यक, फार्मसी या सगळ्यांसाठी ‘हेल्थ सायन्सेस फर्स्ट इयर’ हे एकच सामाईक वर्ष असतं. त्यात पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र, रसायनशास्त्र, जैविक भौतिकशास्त्र, मानवी शरीरावरचे दोन पेपर, सार्वजनिक आरोग्य आणि जीवरसायन असे सात पेपर येतात. बारावीनंतर फिजिक्स सुटलं असं समजून गेलेल्या मुलांना तिसऱ्या पेपरात धक्का बसतो. ऑकलंडला बायोमेडिकल सायन्सच्या बीएस्सीचं किंवा हेल्थ सायन्सेसच्या पदवीचं पहिलं वर्ष करून अर्ज करता येतो. तिथे ठरावीक चार मुख्य पेपरांचे गुण, यूकॅट (वैद्यकीय प्रवेशाची कलचाचणी) आणि छोट्या-छोट्या टप्प्यांची मुलाखत यांवर निवड होते. ही पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण वर्षभरात उत्तर मिळतं. नाही जमलं तर त्याच पदवीचं दुसरं वर्ष सुरू होतं. ब्रिटनमध्येही काही विद्यापीठं आपल्या बायोमेडिकलच्या वर्गातून बोटांवर मोजण्याइतकी मुलं वैद्यकात घेतात, पण बऱ्याच ठिकाणी ही सोय फक्त तिथल्या रहिवाशांसाठी असते. माहितीपत्रकात ते लिहिलेलं नसतं, प्रवेशाच्या धोरणपत्रात असतं.

दुसरी वस्तू पदवीनंतरच्या प्रवेशाची. तीन वर्षं बायोमेडिकल पुरं करायचं आणि मग चार वर्षांच्या वैद्यकीय पदवीसाठी नव्याने अर्ज करायचा. मेलबर्न विद्यापीठाची बॅचलर ऑफ बायोमेडिसिन आणि त्यानंतरची डॉक्टर ऑफ मेडिसिन ही जोडी मुंबईत सर्वांत जास्त ऐकू येते. ब्रिटनमध्ये वॉरिक, स्वान्सी अशी विद्यापीठं आणि आयर्लंडमध्ये आरसीएसआय (रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स), यूसीडी (युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन), कॉर्क आणि लिमरिक इथे चार वर्षांचे असे अभ्यासक्रम आहेत. ब्रिटनमधले यातले बहुतेक अभ्यासक्रम परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत. जे घेतात त्यांच्या जागा थोड्या, आणि त्या जागांसाठी जगभरातली मुलं असतात.

तिसरी वस्तू बीएस-एमडी नावाने विकली जाते. फिलिपिन्स आणि कॅरिबियन भागातल्या काही ठिकाणी आधी दीड-दोन वर्षं बीएस आणि मग चार वर्षांचं एमडी (ही तिथली मूळ वैद्यकीय पदवी, आपल्याकडची पदव्युत्तर एमडी नव्हे). स्वस्त असल्यामुळे ही मुंबई-ठाण्यात खूप खपली. हिच्याबद्दल थोडक्यात सांगतो : भारतात परतून डॉक्टर म्हणून नोंदणी हवी असेल तर घेऊ नका. कारण पुढच्याच भागात आहे, आणि ते दुसऱ्या वस्तूलाही लागू पडतं.

भारतातल्या नोंदणीचं गणित

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी पदवीधरांसाठी नियम लागू केले. त्यातल्या अटी अशा : वैद्यकीय शिक्षण किमान ५४ महिन्यांचं आणि एकाच परदेशी संस्थेत झालेलं असावं, माध्यम इंग्रजी असावं, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप व्हावी, त्या देशात वैद्यकीय व्यवसाय करण्याचा परवाना मिळावा, परत आल्यावर भारतात आणखी १२ महिने इंटर्नशिप व्हावी, आणि हे सगळं अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून दहा वर्षांत संपावं. वर परीक्षा आहेच. सध्या ती एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची चाळणी परीक्षा, ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण.

आता मोजा. चार वर्षं म्हणजे ४८ महिने. नियमाला हवेत ५४. मेलबर्नचं एमडी असो, आयर्लंडचा पदवीनंतरचा अभ्यासक्रम असो की वॉरिकचा, आकडा सहा महिन्यांनी कमी पडतो. त्याआधीची बायोमेडिकलची तीन वर्षं यात मिळवता येतील का, हा पालकांचा हमखास प्रश्न. फिलिपिन्सच्या बाबतीत एनएमसीने स्पष्ट केलं आहे की बीएस हा वैद्यकपूर्व भाग आहे, तो वैद्यकीय शिक्षणात धरला जात नाही. हाच तर्क बायोमेडिकलच्या पदवीला लावला जाणार नाही, असं कोणी तोंडी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. एनएमसीकडून आपल्या अभ्यासक्रमाच्या नावासकट लेखी उत्तर आलं तरच पुढे जा.

ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि न्यूझीलंडच्या डॉक्टरांना भारतात परीक्षा लागत नाही, असंही मेळाव्यात कानावर येतं. जुन्या नियमांतली ती सवलत एमबीबीएसच्या तोडीच्या मूळ पदवीसाठी नव्हती, त्या देशांतल्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर पात्रतेसाठी होती. अर्धं वाक्य ऐकून काही लाख भरणारी कुटुंबं असतात, म्हणून हे वेगळं लिहिलं.

इंटर्नशिपच्या अटीतही अडचण आहे. ब्रिटनमध्ये पदवीनंतरचं फाउंडेशनचं पहिलं वर्ष ही नोकरी असते, ती विद्यापीठाच्या हातात नसते. ऑस्ट्रेलियात इंटर्नशिपच्या जागा राज्यं देतात आणि तिथल्या नागरिकांचा व कायम रहिवाशांचा क्रम आधी लागतो. ‘त्याच संस्थेत १२ महिने’ ही अट अशा ठिकाणी कशी धरली जाईल, हेही लेखी विचारण्याच्या यादीत हवं. न्यूझीलंडमध्ये सहावं वर्ष ‘ट्रेनी इंटर्न’ म्हणून रुग्णालयात जातं, पण ते पदवीचाच भाग आहे. ते चालेल असं स्वतःच गृहीत धरू नका.

नीटची मुदत

हा भाग कुठल्याही माहितीपत्रकात मला दिसलेला नाही, आणि नुकसान इथेच सगळ्यात सहज होतं.

२०१८ पासून परदेशात वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात नोंदणी हवी असणाऱ्याला नीट पात्र होणं सक्तीचं आहे. पात्र होणं आणि जागा मिळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०२५ मध्ये खुल्या गटाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर होती. तेवढ्या गुणांत केईएम, सायन किंवा नायरला जागा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे ‘पात्र तर आहे, चला’ असं म्हणून मुलं बायोमेडिकलला जातात. पण परदेशी प्रवेशासाठी हा निकाल फक्त तीन वर्षं चालतो.

उदाहरण घ्या. ४ मे २०२५ ला नीट दिली, १४ जूनला निकाल लागला. मुदत जून २०२८ पर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडला बायोमेडिकल सुरू झालं, २०२८ च्या उन्हाळ्यात संपलं, वैद्यकीय अभ्यासक्रम सप्टेंबर २०२८ मध्ये सुरू. मुदत तीन महिने आधीच संपलेली असते. ऑस्ट्रेलियात पदवी फेब्रुवारी-मार्च २०२६ ला सुरू होऊन २०२८ अखेर संपते आणि वैद्यकीय वर्ग २०२९ च्या सुरुवातीला बसतात. तिथे सहा महिन्यांहून जास्त उशीर होतो. पहिल्या वर्षाच्या चाळणीत मात्र हा प्रश्न येत नाही, कारण तिथे वर्षाभरात वैद्यकात प्रवेश होतो.

उपाय एकच, शेवटच्या वर्षी पुन्हा नीट. वयाची वरची अट नाही, त्यामुळे देता येते. पण नीट मे महिन्यात असते आणि इंग्लंडच्या विद्यापीठांच्या परीक्षाही तेव्हाच. भारताबाहेरची केंद्रं गेल्या काही वर्षांच्या यादीत आखाती शहरं, सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर, कोलंबो, काठमांडू अशी आहेत; लंडन नाही, मेलबर्न नाही. म्हणजे अंतिम वर्षाच्या प्रकल्पाच्या धामधुमीत दुबईला किंवा घरी येऊन, तीन वर्षं हात न लावलेलं अकरावी-बारावीचं फिजिक्स पुन्हा सोडवायचं. ४५ प्रश्न फिजिक्सचे, ४५ केमिस्ट्रीचे, ९० बायोलॉजीचे. फक्त पात्र व्हायचं असल्याने हे अशक्य नाही, पण दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच एनसीईआरटीची पुस्तकं काढायला हवीत.

आयबी किंवा केंब्रिज बोर्डाच्या मुलांसाठी आणखी एक सापळा आहे. ब्रिटनमधल्या बायोमेडिकलला केमिस्ट्री आणि बायोलॉजी पुरते, म्हणून अकरावीत फिजिक्स सोडलं जातं. नीटला ते लागतंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनएमसीने राहिलेला विषय बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होण्याची मुभा दिली, त्यामुळे दार पूर्ण बंद होत नाही. पण ती कसरत टाळण्यासाठी फिजिक्स ठेवलेलं केव्हाही बरं.

पदवी म्हणून कशी आहे

इथे मात्र मोकळेपणाने कौतुक करतो. पहिल्या वर्षी पेशीजीवशास्त्र, जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, जनुकशास्त्र आणि संख्याशास्त्र. दुसऱ्या वर्षी रोगप्रतिकारशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र. तिसऱ्या वर्षी स्वतःचा संशोधन प्रकल्प. पाठांतरावर वाढलेल्या मुलाला ही पदवी विचार करायला लावते. रुग्ण मात्र यात कुठेही येत नाही. स्टेथोस्कोपला हात लागत नाही. ‘अर्धा डॉक्टर होऊन निघतो’ असं सांगितलं जातं, तसं काही नसतं.

मुंबईची मुलं पहिल्या सहामाहीत कुठे अडकतात, ते एका प्रयोगावरून दाखवतो. ब्रॅडफर्ड पद्धतीने प्रथिनाचं प्रमाण मोजायचं असतं. निळ्या रंगद्रव्याचं द्रावण, ज्ञात प्रमाणाचे नमुने, ९६ खळग्यांची प्लेट आणि ५९५ नॅनोमीटरवर वाचन. दिसायला सोपं. मायक्रोपिपेटच्या दट्ट्याला दोन थांबे असतात. द्रावण घेताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबून, टोक बुडवून, अंगठा सावकाश सोडायचा. बाहेर काढताना पहिला थांबा आणि मग दुसरा, म्हणजे उरलेला थेंबही निघतो. नवखा मुलगा घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबतो. प्रत्येक खळग्यात थोडं जास्त जातं, प्रत्येक वेळी वेगळं जातं, आणि एकाच नमुन्याची तीन वाचनं तीन दिशांना पळतात. जोरात सोडलं तर बुडबुडे येतात आणि तेही वाचन वाढवतात. नंतरची चूक आलेखात होते : प्रमाण जास्त झालं की रंगद्रव्य अपुरं पडून रेष वाकते, पण मूल पट्टी लावून सरळ रेष पुढे वाढवतं आणि तिथून उत्तर वाचतं. बरोबर पद्धत म्हणजे नमुना पातळ करून पुन्हा मोजणं आणि उत्तराला पातळ केल्याच्या पटीने गुणणं. बारावीत ब्युरेट हाताळलेली असते, मायक्रोपिपेट बहुतेकांनी पाहिलेलीही नसते. जाण्याआधी एखाद्या ओळखीच्या प्रयोगशाळेत दोन दुपार रंगीत पाणी मोजून वजनकाट्यावर ताडून पाहिलं (१०० मायक्रोलिटर पाणी म्हणजे ०.१ ग्रॅम) तरी हात बसतो.

दुसरी अडचण जर्नलची. आपल्याकडे मागच्या बॅचची जर्नल उतरवणं कोणाला गुन्हा वाटत नाही. तिथे प्रयोगाचा अहवाल मजकूर ताडून पाहणाऱ्या संगणकप्रणालीतून जातो आणि उतरवलेला निघाला तर गैरवर्तनाची नोंद होते. साध्या विद्यार्थ्याचे त्यात फक्त गुण जातात. वैद्यकाला अर्ज करणाऱ्याला ती नोंद सांगावी लागू शकते, कारण वैद्यकीय शाळा गुणांइतकंच सचोटीकडे बघतात. पहिल्याच महिन्यात केलेली नक्कल अशी तीन वर्षांनी आडवी येते.

गुणांची पट्टीही वेगळी आहे. इंग्लंडमध्ये ४० ला उत्तीर्ण, ६० च्या वर वरचा द्वितीय वर्ग, ७० ला प्रथम वर्ग. पदवीनंतरच्या वैद्यकीय प्रवेशाला बहुधा किमान वरचा द्वितीय वर्ग लागतो. बारावीला ९२ टक्के मिळवलेलं मूल पहिल्या निबंधाला ५८ बघून कोसळतं, तसं कोसळू नये. पण ५८ वर समाधानही मानू नये. आणखी एक बारकावा आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षाचे गुण बहुतेक ठिकाणी अंतिम वर्गासाठी धरले जात नाहीत, म्हणून वर्गातली इतर मुलं निवांत असतात. ज्याला पहिल्या वर्षातून वैद्यकात जायचंय त्याचं सगळं त्याच वर्षावर असतं. सोबत्यांचा वेग बघून आपला वेग ठरवला की संधी हातची जाते.

स्पर्धा कोणाशी, हेही समजून घ्या. ब्रिटनमधल्या सामाईक अर्जात वैद्यकासाठी चारच पसंती देता येतात, अर्जाची तारीख १५ ऑक्टोबर. पाचवी जागा दुसऱ्या विषयासाठी, आणि तिथे असंख्य मुलं बायोमेडिकल लिहितात. म्हणजे वर्गातला मोठा हिस्सा वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकलेल्या हुशार मुलांचा असतो. त्यावर परदेशी विद्यार्थ्यांची मर्यादा : इंग्लंडमध्ये वैद्यकीय जागांपैकी साधारण साडेसात टक्के, दंतवैद्यकात त्याहूनही कमी.

परीक्षांबद्दल एवढंच. यूकॅट वर्षातून एकदाच देता येते आणि गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. २०२५ पासून त्यातला आकृत्यांचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंग विभाग काढला आहे आणि एकूण गुण ३६०० ऐवजी २७०० झाले आहेत. फोर्टच्या फुटपाथवर किंवा ओळखीतून मिळालेलं जुनं पुस्तक घ्याल तर तो विभाग ओलांडून पुढे जा. बीमॅट ही दुसरी प्रवेशपरीक्षा २०२३ नंतर बंद झाली, तिची पुस्तकं घेऊच नका. पदवीनंतरच्या प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी गॅमसॅट ही प्रवेशपरीक्षा लागते, आणि तिचा एक पूर्ण विभाग इंग्रजी निबंधलेखनाचा आहे. सायन्सच्या क्लासमधून आलेल्या मुलांचे गुण तिथे गळतात. रोज अग्रलेख वाचून त्यावर अर्ध्या तासात मत लिहिण्याचा सराव याला सगळ्यात उपयोगी. अमेरिकेबद्दल फार लिहीत नाही : तिथल्या बहुतेक वैद्यकीय शाळांत परदेशी नागरिकांना जागा नगण्य आहेत आणि बऱ्याच शाळा किमान काही शिक्षण अमेरिका-कॅनडातच झालेलं मागतात.

दंतवैद्यकाचं वेगळं आहे

डेंटलला जायचं असेल तर बायोमेडिकलचा उपयोग आणखी कमी. आपल्या गव्हर्नमेंट डेंटल किंवा नायर डेंटलमध्ये बीडीएसच्या पहिल्याच वर्षी मुलं मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला बसतात. दाढेचे उंचवटे, खाचा, मुळांचा कल, सगळं मापात. बायोमेडिकलच्या तीन वर्षांत हाताला अशी सवय लागत नाही. मुलाखतीत मात्र हातातल्या कसबाबद्दल विचारतात, म्हणून भरतकाम, मातीकाम, तबला-पेटी, सोल्डरिंग, जे काही खरंच करता ते नोंदीसकट चालू ठेवा. चार वर्षांचा पदवीनंतरचा अभ्यासक्रम अ‍ॅबर्डीन, सिडनी आणि मेलबर्नला आहे; ओटागोला पहिलं सामाईक वर्ष धरून पाच वर्षांत बीडीएस होतं आणि न्यूझीलंडमधलं ते एकमेव दंत महाविद्यालय आहे. परत यायचं असेल तर परदेशी दंत पदवीधरांची वेगळी चाळणी परीक्षा आहे. एफएमजीईची माहिती देऊन डेंटलच्या पालकांना वाटेला लावणारे भेटतात, त्यांच्यापासून सावध राहा.

खर्च

परदेशी विद्यार्थ्याला ब्रिटनमध्ये बायोमेडिकलची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला २५ ते ३५ हजार पौंडांच्या दरम्यान. मधला ३० हजारांचा आकडा आणि पौंड ११५ रुपये धरला तर तीन वर्षांची फी एक कोटीच्या थोडी वर. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो व्हिसाच्या वेळीच एकरकमी भरावा लागतो. राहण्या-जेवण्याचं वेगळं. पुढे वैद्यकाची चार वर्षं लागली आणि फी ५० हजार पौंड धरली, तर आणखी सव्वादोन कोटींच्या वर. मुंबई-नवी मुंबईतल्या अभिमत विद्यापीठांची एमबीबीएसची वर्षाला वीस लाखांवरची फी ऐकून ‘त्यापेक्षा परदेशच बरं’ म्हणणाऱ्यांनी ही बेरीज पुढे ठेवावी. शैक्षणिक कर्ज घेताना बँक पहिल्या तीन वर्षांचंच मंजूर करते, आणि वैद्यकाला पोचल्यावर नवं कर्ज, नवं तारण लागतं. घर एकदा गहाण पडलेलं असेल तर दुसऱ्या वेळी काय देणार, हे आजच ठरवा.

वैद्यकाला नाहीच लागलं तर? ब्रिटनमधली आयबीएमएसची, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्सची, मान्यता असलेली पदवी घ्या, कारण तिथे बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणून नोंदणी व्हायला तीच उपयोगी पडते. पण पदवीबरोबर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रशिक्षणाची नोंदवही पूर्ण करावी लागते. पदवी हातात आली की नोकरी, असं नाही. मुंबईत परतल्यास औषध कंपन्यांतलं नियामक काम, क्लिनिकल रिसर्च, वैद्यकीय लेखन, जनुकीय समुपदेशन ही खरी क्षेत्रं आहेत. ‘स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकेल’ ही कल्पना सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या आदेशानुसार अहवालावर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते.

इथेच राहून

भारतात बायोमेडिकल किंवा कुठल्याही बीएस्सीवरून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत नाही. तसं सांगणारा क्लास असेल तर तिथून उठा. बीएस्सी करत करत नीट पुन्हा देता येते, पण बीएस्सीच्या अभ्यासाचा नीटला उपयोग वाटतो त्यापेक्षा बराच कमी होतो, कारण नीट एनसीईआरटीच्या ओळींवर चालते. गुण थोडक्यात हुकले असतील तर पूर्ण एक वर्ष रिपीट करणं दोन दगडांवर पाय ठेवण्यापेक्षा बरं. खूप हुकले असतील आणि विषयाची खरी आवड असेल, तर मुंबईतल्याच एखाद्या चांगल्या महाविद्यालयात जीवरसायन, लाइफ सायन्स किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घ्या. पुढे एमएस्सी प्रवेशाच्या जॅम परीक्षेत बायोटेक्नॉलॉजीचा पेपर देऊन आयआयटी मुंबईला एमएस्सी, किंवा बायोटेक्नॉलॉजीच्या पदव्युत्तर प्रवेशाची गॅट-बी. परळचं हाफकिन, खारघरचं कर्करोग-संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, एवढ्या संस्था लोकलच्या टप्प्यात असलेलं शहर देशात दुसरं क्वचितच सापडेल. आणि परदेशातल्या पदवीनंतरच्या वैद्यकाची इच्छा तरीही राहिली, तर अनेक विद्यापीठं बाहेरची पदवीही ग्राह्य धरतात. मुंबईची तीन वर्षांची बीएस्सी चालेल का, एवढं प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारा. पहिला एक कोटी वाचतो.

मुलाखतीची तयारी तर इथे जास्त चांगली होते. टाटा रुग्णालयाच्या आसपास रुग्णांच्या नातेवाइकांची जेवणाची, राहण्याची सोय बघणाऱ्या संस्था आहेत. तिथे सहा महिने शनिवारी नियमित गेलेलं मूल सहानुभूतीच्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर देत नाही.

तरीही जायचं ठरलं असेल, तर रक्कम भरण्याआधी विद्यापीठाकडून, एजंटकडून नव्हे, ईमेलवर तीन उत्तरं घ्या. गेल्या वर्षी या पदवीतून किती परदेशी विद्यार्थी तुमच्याच वैद्यकीय किंवा दंत शाखेत गेले? ‘हमी’ असेल तर ती कोणत्या गुणांवर, आणि जागा उपलब्ध असल्यास असं वाक्य तिच्यापुढे जोडलेलं आहे का? व्हिसा नाकारला तर आणि आम्हीच मन बदललं तर, या दोन्ही वेळी किती रक्कम परत मिळते? पहिल्या प्रश्नाला आकड्याऐवजी यशोगाथा आली, तर उत्तर मिळालं असं समजा.

तारखांचंही बघा. इंग्लंडला सप्टेंबरात वर्ग सुरू होतात आणि अनामत उन्हाळ्यातच भरावी लागते. आपल्याकडे सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्या त्यानंतरही चालू असतात. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेलं, राज्याच्या ८५ टक्के कोट्यातलं मूल सीमारेषेवर असेल, तर शेवटच्या फेरीआधीच त्याला विमानात बसवावं लागतं. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या फेब्रुवारीच्या तुकडीत ही ओढाताण होत नाही. इथल्या सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत थांबून, मग अनामत भरता येते.